अर्धी राहिलेली शंखवती

अवनी, तो फोन पालथा ठेव. कुशल, तू भिंतीला टेकू नकोस, टेकलास की घोरायला लागतोस. आपल्या घराण्यातच आहे ते, आणि आजची गोष्ट थोडी त्याचीच आहे. सतरंजी नीट पसरा, छत अजून तापलेलं आहे. अन्नपूर्णाकाकू खाली भांडी आवरतेय, तिला वर हाक मारू नका. तिला यातलं निम्मंच माहीत आहे.

एक अट. मधूनमधून ‘हं’ म्हणत राहायचं, दोघांनीही. जुनी माणसं त्याला हुंकार म्हणायची. सांगणाऱ्याला कळलं पाहिजे की समोर कोणीतरी जागं आहे.

हं. असंच.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. दोन ऑक्टोबर दोन हजार चोवीस, बुधवार. संध्याकाळी बरोबर सव्वापाच वाजता वासुदेवबुवा तांब्या घेऊन पंचगंगा घाटाच्या पायऱ्या गंगेकडे उतरले. मी वरच्या पायरीवर उभा होतो, त्यांच्या चपला सांभाळत. पूर ओसरून पंधरवडा झाला होता. पंपाचं पाणी मारून गाळ धुवायचं काम चालू होतं आणि खालच्या पायऱ्या अजून चिखलात होत्या. सत्तरीचा माणूस, धोतर वर खोचून, एका हातानं भिंत धरत उतरला. मी म्हटलं, बुवा, नळाचं भरून घ्या ना, गंगेचंच येतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ते पुढची पायरी उतरले.

बुवा तुम्हाला माहीत आहेत, ब्रह्माघाटावरचे, पाच पिढ्यांचे कीर्तनकार. बायको कोरोनात गेली, मुलगा सुशांत बंगळुरूला. एकटेच असायचे. रामनवमी, दत्तजयंती, सगळीकडे कीर्तन करायचे, पण त्यांच्या घराण्याचं एक आख्यान वर्षातून एकदाच व्हायचं. सर्वपित्रीच्या संध्याकाळी, मंगलागौरीजवळच्या आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये. ते कुठल्या पोथीत नाही. बापानं मुलाला तोंडी द्यायचं. सुशांतनं घेतलं नाही, तो कॉम्प्युटरमध्ये रमला.

ते शंखवतीचं आख्यान. ऐका.

पश्चिमेच्या समुद्रात शंखवती नावाचं बेट होतं. आधी नुसतं पाणीच होतं तिथे. पहिला राजा होडीतून आला आणि समुद्राकडे जमीन मागितली. समुद्र म्हणाला, देतो, पण मला कोणी काही सांगत नाही रे. रोज दिवेलागणीला तटावर येऊन मला एक गोष्ट सांगायची. पुरी सांगायची. गोष्ट संपली की मी मागे जाईन. झालं. बेट वर आलं, नगर वसलं, हत्ती आले, बाजार आला. सात पिढ्या राजाचा कथेकरी रोज तटावर बसून समुद्राला गोष्ट सांगत आला. समुद्राला नुसतं गर्जता येतं, हुंकार देता येत नाही. म्हणून कथेकऱ्याची बायको शेजारी बसायची आणि समुद्राच्या वतीनं ‘हं’ म्हणायची. सातव्या कथेकऱ्याच्या बायकोचं नाव बकुळ. एक हात दगडावर टेकून, पुढे वाकून ऐकायची ती. बुवा ते करून दाखवायचे, असा डावा तळहात जमिनीवर टेकवून. बाया डोळे पुसायच्या.

सातवा राजा अनिमेष. त्याच्या मुलाचा राज्याभिषेक, संध्याकाळी मोठी पंगत. पाहुणे बसलेले, पानं वाढलेली, आणि तटावर गोष्ट लांबलेली. राजानं निरोप पाठवला, आजच्यापुरतं आटोपतं घ्या. कथेकरी उठला. बकुळ म्हणाली, “पुढे?” तो म्हणाला, “उद्या.” आणि जेवायला गेला. ती नाही गेली. ती तिथेच बसून राहिली.

समुद्रानं मध्यरात्रीपर्यंत वाट पाहिली. मग आत आला. बुवा इथे आवाज अगदी खाली आणायचे. रागानं नाही आला, म्हणायचे, उरलेलं ऐकायला आला. आधी तट, मग बाजार, मग हत्तीखाना. पंगतीतल्या समया एकेक करून विझल्या. सकाळी समुद्र होता, बेट नव्हतं. कथेकरी तेवढा जेवणाच्या पाटाला धरून तरंगत राहिला.

आख्यान इथे संपत नाही. पाटावर बसून तो उरलेली गोष्ट पाण्याला सांगतो. ती संपली की बुवा तांब्यातलं पाणी ओंजळीनं ताम्हनात सोडायचे. बुडालेल्यांच्या नावानं, कारण त्यांना पाणी द्यायला मागे कोणीच उरलं नाही. मग आरती. हा क्रम कधी मोडला नव्हता. पूर असो, दंगल असो.

तो मी मोडला.

हं म्हणा रे. गप्प का झालात?

मी मंडळाचा सेक्रेटरी. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला कशाचं तरी सेक्रेटरी व्हावंच लागतं. त्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेच्या मालविकाताई म्हणून होत्या, त्यांना मी पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. सहा महिने फोन केले होते त्यांना. त्यांच्या हस्ते बुवांचा सत्कार, शाल, श्रीफळ, फोटो, आणि मग माझं आभाराचं भाषण. चार दिवस पाठ केलं होतं मी ते. त्यांची गाडी दहा वाजून दहाची. सव्वानऊ झाले तरी बुवांचा राजा पंगतीलाच बसलेला. मालविकाताई काही बोलल्या नाहीत हो, बिचाऱ्या शांत बसल्या होत्या. घाई मला होती. मी खिशातला कागद काढला, लिहिलं, ‘बुवा, आटोपतं घ्या,’ आणि पेटीवाल्याच्या हातून पुढे सरकवला.

तेच शब्द. राजाचेच. लिहिताना माझ्या लक्षातही आलं नाही.

बुवांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळावर बोट ठेवलं. त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, “सकाळी समुद्र होता, बेट नव्हतं,” आणि हात जोडले. लोकांना वाटलं इथेच संपलं. टाळ्या पडल्या. शाल घातली गेली, फोटो निघाले, माझं भाषण झालं. चांगलं झालं. मालविकाताईंना ई-रिक्षात बसवून परत आलो तर हॉल रिकामा, आणि बुवा एकटे गादीवर, समोर तांब्या. भरलेला.

मी म्हटलं, बुवा, उरलेलं पुढच्या वर्षी दणक्यात करू. ते म्हणाले, “देवदत्त, आपण त्यांना पुन्हा ‘उद्या’ म्हणालो रे.”

मी हसलो. खरं सांगतो, मी हसलो. म्हटलं, बुवा, गोष्ट आहे ती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बुवांनी सांगितलं ते सांगतो.

साडेदहाला ते निघाले. मंगलागौरीकडून ब्रह्माघाट, गल्ल्यागल्ल्यांतून दहा मिनिटं. अमावास्या. वाटेतल्या खांबावरचा दिवा गेलेला. एका हातात झोळी, एका हातात तांब्या. पाणी ओतून टाकायला मन होईना. चालताना त्यांना पुटपुटायची सवय होती, तुम्ही पाहिलंय. तसंच उरलेलं आख्यान ओठांवर आलं. पाटावर बसला कथेकरी, भोवती पाणीच पाणी…

मागून कोणी म्हणालं, “हं.”

बुवा थांबले. वळून पाहिलं. गल्ली रिकामी. एक गाय होती, तीही झोपलेली.

चालायला लागले. गप्प. आता ओठ घट्ट मिटून. मागे आवाज. थप… थप… ओले पाय दगडावर पडतात तसा. एकाचे नाहीत. पुष्कळांचे.

थांबले. आवाज थांबला.

नुसतं ठिबकणं. ठिप… ठिप…

पळायचं वय नव्हतं. तांब्या छातीशी धरला, चालत राहिले. घर आलं. कुलूप उघडलं, आत गेले, कडी लावली. दिवा लावला. पाठ दाराला लावून उभे राहिले.

दारापलीकडे ठिबकणं.

मग बाईचा आवाज. अगदी हळू. चिडलेला नाही. ताटकळलेला.

“पुढे?”

आता त्यांच्या घराण्यातली एक गोष्ट ऐका, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बुवांच्या आजोबांनी त्यांना बजावलं होतं, शंखवती एकट्यानं म्हणायची नाही. समोर हुंकार द्यायला एक तरी जिवंत माणूस हवा. सगळे ऐकणारे तिकडचेच असले, तर सांगणाराही तिकडचा होतो. म्हणून ते सभेत व्हायचं, भरल्या सभेत. आता बुवांपुढे दोनच वाटा. न सांगावं तर ती माणसं दारात उभी. सांगावं तर एकट्यानं सांगता येत नाही.

शेजारी कुलूप होतं, गयेला गेलेले. सुशांतला फोन लावला, तो बंद. मग त्यांनी मला लावला.

अकरा वाजून वीस मिनिटं. अन्नपूर्णा तेव्हा इंदूरला होती, आमच्या स्वरदाच्या बाळंतपणाला. घरात मी एकटा, खालच्या दाराला आतून कुलूप. मी पडलो होतो आणि भाषणाला कोण काय म्हणालं ते आठवत होतो.

बुवा म्हणाले, “देवदत्त, येशील का? मला उरलेलं सांगून टाकायचंय. कोणीतरी हवं.”  काय झालं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, म्हातारा दुखावलाय, एकटा आहे, मनाचे खेळ. इथून ब्रह्माघाट किती लांब, माझे गुडघे, सकाळी येतो, असं सगळं मी म्हणालो. बुवांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मग फोनवर तरी ऐक. फक्त हं म्हणत राहा. झोपू नकोस रे. चिठ्ठी तुझी होती.”

मी म्हटलं, सांगा बुवा, ऐकतोय.

माझ्या खोलीत प्लग कुठे आहे ठाऊक आहे ना? पलंगाच्या डाव्या बाजूला, अगदी खाली. फोन चार्जिंगला लावून फरशीवर ठेवायचा. तसाच ठेवला, स्पीकर लावून. बुवांनी सुरुवात केली. पाटावर बसला कथेकरी… मी म्हटलं, हं. भोवती पाणीच पाणी… मी म्हटलं, हं. त्यानं पाण्याला हाक मारली…

तिसऱ्यांदा मी हं म्हटलं की नाही, ते मला आठवत नाही.

मी झोपलो, पोरांनो.

एक माणूस तिकडे दाराला पाठ लावून जिवासाठी गोष्ट सांगत होता, आणि मी झोपलो. दमलो होतो वगैरे काही नाही. मला महत्त्वाचंच वाटलं नाही ते. वर्षभर मी स्वतःला वेगवेगळी कारणं देऊन पाहिली. एकही टिकत नाही.

सकाळी सहाला जाग आली. फोन पाहिला. कॉल एक तास नऊ मिनिटं चाललेला.  तसाच शर्ट चढवला, रिक्षा केली, ब्रह्माघाट गाठलं. वाटेत मनात काय काय आलं ते सांगत नाही.

बुवांचं दार उघडं होतं. ओट्यावर बसून चहा पीत होते. चेहरा उतरलेला, पण शांत. बाजूला तांब्या पालथा घातलेला. मला पाहून उठले आणि माझे दोन्ही हात धरले. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

म्हणाले, “जागलास रे माझ्यासाठी. एकही हुंकार चुकवला नाहीस.”

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

ते सांगत राहिले. शेवटी शेवटी त्यांचा धीर सुटत होता, पण मी मध्ये ‘पुढे?’ विचारलं, तेव्हा त्यांना बळ आलं. गोष्ट पुरी झाली, ओंजळ सोडली, आणि दारापलीकडचं ठिबकणं थांबलं. पाय लांब लांब गेले, घाटाच्या बाजूला. मग मला न्याहाळत म्हणाले, “घसा बसला होता का तुझा? आवाज फार बारीक येत होता.”

…

तेव्हा सांगायचं होतं मी. बुवा, मी झोपलो होतो. एवढंच. घरात दुसरं कोणी नव्हतं, दाराला कुलूप होतं, तो आवाज माझा नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काही उपाय केला असता. पुन्हा सभा भरवली असती. जिवंत माणसांसमोर पुन्हा म्हटलं असतं. मी दहा माणसं गोळा केली असती, पाय धरून.

पण त्यांनी माझे हात धरले होते. एवढ्या आदरानं आयुष्यात कोणी माझे हात धरले नव्हते. मी म्हटलं, हो बुवा, जरा सर्दी आहे.

थंडीत त्यांना दम लागायला लागला. होळीनंतर दोन जिने चढवेनात. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी आहे. काढलं, परत झालं. काढलं, परत झालं. या वयात होतं असं, डॉक्टर म्हणाले, आणि होतच असेल. यंदाच्या श्रावणात गेले. बाहेर पूर होता, तुम्हाला आठवतंय. आदल्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. बोलवत नव्हतं त्यांना. माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, “तू त्या रात्री होतास म्हणून…”

मी म्हणालो, “हं.”

त्या रात्री द्यायचा होता तो हुंकार. तो मी तेव्हा दिला.

आणि अजून एक आहे. कुशल, तू मगाशी विचारलंस, उरलेली गोष्ट काय होती. ती मला माहीत नाही. बारा वर्षं सेक्रेटरी आहे, अकरा वेळा आख्यान पुरं झालं, आणि शेवटाला मी दर वेळी मागे प्रसादाचे द्रोण लावत असायचो. बाराव्यांदा ती एकट्या माझ्यासाठी सांगितली गेली, तर मी झोपलो. सुशांतला येत नाही. कागदावर नाही. सभेतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर प्रत्येकाला वेगळंच आठवतं. आता शंखवतीचा शेवट जिवंत माणसांत कोणालाच धड ठाऊक नाही. मीसुद्धा आज तुम्हाला ती अर्धीच सांगितली.

आज सर्वपित्री. तांब्या मी पंचगंगेवर जाऊन भरून आणलाय, तो बघा कठड्यावर. पण गोष्ट पुरी न करता पाणी कसं सोडायचं?

राहिलं एकच. अन्नपूर्णेला वाटतं फरशीला ओल आहे. त्या सकाळी ब्रह्माघाटाहून परत आलो, फोनचा चार्जर गुंडाळायला खाली वाकलो, तेव्हा दिसलं. चार्जरच्या शेजारी, फरशीवर. पांढरा ठसा. डावा तळहात, पाची बोटं पसरलेली. कोणीतरी हात टेकून, वाकून ऐकत बसावं तसा. माझ्या हातापेक्षा लहान. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मीठ. नुसतं मीठ. आपली गंगा, कितीही पूर येवो, खारी नाही रे.

पुसला. पुसल्यावर जातो, वाळलं की परत येतो. फिनाईल, आम्ल, सगळं झालं. शेवटी वर चटई टाकली. वर्षभर तसाच आहे, कोरडा, खडखडीत. आजच दुपारी पाहिला.

खोटं वाटतंय ना, अवनी? वाटू दे. जा, माझ्या खोलीत जा. दिवा लाव. पलंगाच्या डाव्या बाजूची चटई उचल आणि बघून ये. हात लावून बघ हवं तर. आम्ही बसलोय इथे.

… कुशल, तू जागा आहेस ना? हं म्हण.

हं.

… आलीस? बस.

काय झालं? तशी का बघतेस? आहे ना ठसा?

…

ओला?

नाही अवनी. नीट सांग. ओला म्हणजे?

…

दाखव तुझी बोटं.